झोळीमागची गाडी

“मग यातली कोणती चाकं चढवू, बापू?”

हेरंबनं तिसऱ्यांदा विचारलं. रूपसिंग बापू अंगणात कैऱ्या सोलत बसले होते. आमचुरासाठी कापलेल्या फोडी उन्हात दूरवर पसरल्या होत्या. म्हाताऱ्याचे हात थांबले नाहीत.

“मागे कोण बसणार?”

“बसणार कोणीच नाही. मागची सीट काढली आहे. तिथे स्ट्रेचर येईल.”

“मग कोण झोपणार?”

“पेशंट.”

“त्याला विचारलं?”

हेरंब हसला. बापू हसले नाहीत. त्यांनी पुढची कैरी उचलली.

हेरंब दातार नाशिकचा. गाड्यांची बांधणी करणारं त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. चिखलातून, दगडगोट्यांतून गाड्या काढायच्या ज्या स्पर्धा होतात, त्यातल्या तीन त्यानं लागोपाठ जिंकल्या होत्या. अक्राणीच्या डोंगरात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर सबनीसबाईंना कुणीतरी एक लहान, चारही चाकांना जोर असलेली गाडी भेट दिली होती. मोठी ॲम्ब्युलन्स डांबर संपलं की थांबायची. पुढचे पाडे या लहान गाडीनं गाठायचे, असं बाईंच्या मनात होतं. गाडी त्या कामाला लायक करून द्यायला हेरंब हौसेनं आला होता.

बाईंनी त्याला सगळी मोकळीक दिली. फक्त एवढंच सांगितलं, की चाकं ठरवण्याआधी रूपसिंग बापूंना विचार. बापूंनी एकतीस वर्षं या डोंगरात पेशंटची गाडी चालवली होती.

हेरंबला हे जरा लागलंच होतं. म्हातारा माणूस चांगला होता, यात वाद नव्हता. पण त्यांना टायरची नावंही ठाऊक नव्हती. त्यांच्या लेखी टायर दोनच प्रकारचे, नवे आणि झिजलेले.

त्यानं नाशिकहून दोन संच आणले होते. पहिला रुंद काळ्या रिमांचा. त्यावरचे टायर जाड, बगलेला कडक, आणि रबराचे गठ्ठे एवढे मोठे की मधल्या खाचेत अख्खा अंगठा बसे. एक चाक उचलायला दोन माणसं लागायची. स्पर्धा त्यानं याच चाकांवर जिंकल्या होत्या. दुसरा संच साधा. रिमा कंपनीच्याच, टायर मूळ मापापेक्षा जरासा उंच, हलका, बगलेला मऊ, खाचा मध्यम. तो त्यानं नावाला आणला होता.

खरं तर त्याचं ठरलंच होतं. त्याला फक्त बापूंची मान हललेली हवी होती.

“पहिली चाकं कुठंही अडकणार नाहीत, बापू. माझा शब्द.”

“हं…”

एवढंच.

दुपारी बाराच्या सुमारास डॉक्टरबाईंचा निरोप आला. चिंचबारीपाड्यावर सुरमी नावाच्या बाईचं पोट दुखायला लागलं होतं, अंगावरून रक्त जात होतं, आणि महिना अजून आठवाच होता. पाड्यावरच्या आशाताईनं, वनितानं, टेकडी चढून, रेंज मिळवून फोन केला होता. बाई स्वतः ॲम्ब्युलन्स घेऊन डांबराच्या टोकाला थांबणार होत्या. तिथून पाडा पाच किलोमीटर वर. वाट पायवाटेहून थोडीशीच रुंद, आणि दोन दिवसांपूर्वीच्या वळवाच्या पावसानं जागोजागी खचलेली. लहान गाडीनं सुरमीला खाली आणायचं होतं. बाईंनी एक गोष्ट दोनदा सांगितली होती… तिला हादरे बसू देऊ नका.

हेरंबनं पहिला संच चढवला. अशा वाटेला दुसरं काही चालणारच नाही, असं तो म्हणाला. बापूंनी हात धुतले, डोक्याला पंचा गुंडाळला आणि वाट दाखवायला शेजारी येऊन बसले.

गाडी चढली. आजवर त्या पाड्यापर्यंत एकही गाडी गेली नव्हती, ही गेली. ओढ्यातले गोटे तिनं चिरडल्यासारखे मागे टाकले. निसरड्या चढावर ती क्षणभर घसरली, की पुढच्याच क्षणी गठ्ठ्यांनी मातीत दात रोवले आणि गाडी वर. हेरंबच्या अंगात ते जुनं भरतं आलं. वर पाड्यावर एक बाई तळमळते आहे हे तो विसरला नव्हता, पण हात स्टिअरिंगवर असताना त्याला दुसरं काही दिसत नसे.

वरच्या वळणावर त्यानं विचारलं, “कशी चढली, बापू?”

“चढली.”

बापूंनी डोक्यावरची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

पाड्यावर सगळी माणसं घराबाहेर आली होती. सुरमी जेमतेम वीस-बावीसची. ओठ पांढरे पडलेले, पण तोंडातून आवाज नाही. तिला स्ट्रेचरवर घेतलं, वनिता तिच्या उशाशी बसली. गाडी निघाली, तेव्हा हेरंबनं आरशात पाहिलं. सुरमीचा नवरा आणि पाड्यावरचे तिघं गाडीमागून चालत येत होते. एकाच्या खांद्यावर लांब बांबू होता आणि बांबूला गुंडाळलेली गोधडीची झोळी. याच झोळीतून इथली माणसं वर्षानुवर्षं आजारी माणूस खाली नेत आली होती.

गाडी असताना हे कशाला, असं हेरंबनं जरा त्रासूनच विचारलं. बापू म्हणाले, येऊ द्या त्यांना.

पहिल्या गोट्यावरून चाक उतरलं, तेव्हा मागून वनिताचा “हळू” असा आवाज आला. हेरंबनं वेग माणसाच्या चालीवर आणला. पुढच्या गोट्यावर पुन्हा तेच. गाडी हलकी, चाकं कडक. प्रत्येक दगड जसाच्या तसा वर पोहोचत होता. चढताना हे त्याला कळलं नव्हतं. चढताना मागे कोणी नव्हतं.

त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला आणि चारही चाकांची हवा निम्मी केली. हा त्याचा हुकमी उपाय होता. हवा सोडली, की टायर पसरतो, मऊ पडतो, दगड पोटात घेतो. पण हे टायर पसरलेच नाहीत. दुप्पट वजनाच्या गाडीसाठी घडवलेलं ते रबर. या एवढ्याशा गाडीला ते दाद देईना. गुडघे टेकून त्यानं टायरची बगल अंगठ्यानं दाबून पाहिली. दगडासारखी होती.

पुन्हा निघाले. वीस पावलं. तीस.

सुरमी काहीतरी बोलली. दोनच शब्द, पावरी बोलीत. हेरंबला कळले नाहीत.

“थांबवा,” बापू म्हणाले.

“काय म्हणाली?”

“झोळी म्हणते.”

हेरंबनं इंजिन बंद केलं. मागचे चौघं एव्हाना गाडीशी पोहोचले होते. त्यांनी कुणाला दोष दिला नाही, की हेरंबकडे पाहिलंही नाही. झोळी उलगडली, बांबूला पक्क्या गाठी मारल्या, सुरमीला अलगद आत घेतलं. तिनं डोळे मिटले. चौघांतले दोघं पुढे, दोघं मागे. वनिता तिचा हात धरून बाजूनं. झोळी चालू लागली.

तिच्यामागून गाडी. रिकामी.

शंभर पावलं गेल्यावर बापूंनी हात पुढे केला. “चावी द्या.”

“आणि मी?”

बापूंनी झोळीकडे नुसती हनुवटी हलवली. मागच्या दोघांपैकी एकाचा पाय उतारावर मुरगळला होता. तो लंगडत होता. हेरंब धावत पुढे गेला आणि त्याच्या जागी बांबूखाली खांदा दिला.

पहिल्या दहा पावलांतच सुरमी कण्हली. तो आपल्या चालीनं चालत होता. पुढे असलेल्या नवऱ्यानं मागं वळून न बघता सांगितलं, “पाय मिळवा.”

त्यानं पाय मिळवायचा प्रयत्न केला. जमेना. मग त्यानं पुढच्याच्या टाचा बघायला सुरुवात केली. टाच दगडावर टेकायच्या आधी गुडघा वाकत होता. दगडाचा धक्का टाचेत शिरायचा, गुडघ्यात निम्मा व्हायचा, कमरेत आणखी निम्मा. उरलेला बांबू घ्यायचा. जरासा लवायचा, पुन्हा वर यायचा. झोळीपर्यंत पोहोचायचं ते नुसतं झुलणं.

हळूहळू त्याचेही गुडघे वाकायला लागले.

खांद्याची साल निघाली. घाम डोळ्यांत उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता. झोळीतून कण्हणं येतंय का, एवढंच तो ऐकत राहिला. सव्वा तासानं डांबर आलं. ॲम्ब्युलन्सचं दार उघडं होतं. डॉक्टरबाईंनी सुरमीची नाडी धरली, तिच्या पोटावर हात ठेवून बाळाचे ठोके ऐकले आणि एवढंच म्हणाल्या, की आहेत… चला.

ॲम्ब्युलन्स गेली. नवराही तिच्यातून गेला. बाकीचे तिघं बांबू घेऊन आल्या वाटेनं परतले. जाताना एकानं हेरंबच्या खांद्याकडे बघितलं आणि त्यावर ओला पाला चोळायला सांगितलं.

बापूंनी गाडी आणून उभी केली.

तिसऱ्या दिवशी कळलं. ऑपरेशन करावं लागलं होतं. मुलगी झाली होती, वजनाला फार कमी, काचेच्या पेटीत ठेवलेली. पण दूध ओढत होती. सुरमी उठून बसली होती.

निरोप ऐकून हेरंब दवाखान्यामागच्या पडवीत गेला. जड चाकं त्यानं एकट्यानं उतरवली. एकेक चाक कुशीला टेकवून, घरंगळत नेऊन भिंतीशी लावलं. त्याला त्यांचा राग आला नव्हता. चांगली चाकं होती. त्यांनी त्याला पुष्कळ दिलं होतं. पण त्यांच्याकडे बघताना त्याच्या मनात आलं, की इतकी वर्षं तो गाडीत एकटाच बसत आला होता.

दुसरा संच चढवून तो बापूंकडे गेला.

“बापू, गाडी तुम्ही चालवाल का? ओढ्यापर्यंत आणि परत.”

“आणि तुम्ही?”

“मी मागे झोपतो.”

बापूंनी त्याच्याकडे बघितलं. हातातली सुरी खाली ठेवली आणि उठले.

पहिल्या फेरीला टायरमध्ये हवा सव्वीस होती. हेरंब स्ट्रेचरवर उताणा झोपला आणि टपाकडे बघत राहिला. ओढ्याच्या गोट्यांवर त्याचं डोकं दोनदा आपटलं. परत आल्यावर त्यानं हवा बावीसवर आणली आणि पुन्हा जाऊन झोपला. मग वीसवर. बापू प्रत्येक वेळी तीच वाट, त्याच चालीनं गेले आणि आले. तिसऱ्या फेरीला टायर दगडावरून जाताना पोटात घ्यायला लागला. हादरा होताच. पण तो येताना दिसत होता, येऊन मावळत होता. हेरंबनं दोन्ही हात आपल्या पोटावर ठेवले होते. कधी ठेवले ते त्याला आठवेना.

चौथी फेरी त्यानं उगाचच मारायला लावली. या वेळी डोळे मिटून घेतले.

गाडी अंगणात येऊन थांबली. तो खाली उतरून चाकाशी उकिडवा बसला. हलकं, साधं चाक. खाचांमध्ये ओढ्याचा चिखल भरून बसला होता. जड चाकांनी तो केव्हाच झटकून टाकला असता.

त्याचा चेहरा पडला.

“बापू… ही चाकं कधीतरी अडकणार.”

“अडकणार.”

“भर पावसात. चढावर.”

“हो.”

“मग काय करायचं?”

“उतरायचं.”

“उतरून काय करायचं? मागे पेशंट, पुढे चिखल… आणि मी एकटा.”

बापू अंगणात आपल्या जागेवर जाऊन बसले. कैरी उचलली. सुरी लावायला गेले आणि थांबले. डोंगराकडे बघत म्हणाले…

“एकटे आहात की नाही, ते उतरल्याशिवाय कळत नाही.”