पाठ टेकायला जागा

“मग तुम्हीच सांगा बुवा, माणसानं खोलीला पैसे घालायचे तरी किती?”

रघुनाथ बारंगुळे मठाच्या ओसरीच्या पायरीवरून विचारत होता. उभ्या उभ्याच. पायातले बूट काढायचंही भान राहिलं नव्हतं.

पिराजीबुवा ओसरीवर वाकळ शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कसली खोली?”

“लॉजची हो. बायकामाणसं घेऊन प्रवासाला निघालं की मुक्काम करावा लागतो, त्याची.”

“आन भांडान कुनाशी हाय?”

रघुनाथनं मागं हात केला. आवारात आंब्याखाली त्याची गाडी उभी होती. दारं सताड उघडी. आत त्याची बायको शैलजा बसलेली, नाकासमोर बघत. खाली उतरायचं नाव नाही. तिच्या शेजारी त्याची म्हातारी आई, अनसाबाई, पदर तोंडाला लावून.

रघुनाथ बार्शीचा डाळीचा व्यापारी. गिरणी स्वतःची, गोदाम स्वतःचं आणि बोलणंही स्वतःचंच. दुसऱ्याचं ऐकून घ्यायला त्याच्याकडं जागा नव्हती. पैसा आला तसा त्याला उपदेश फुटला होता, अंगावर पुरळ फुटावं तसा. वर्षातनं एकदा घाटाच्या तोंडाशी असलेल्या या मठात यायचं, बुवांच्या पायावर डोकं ठेवायचं आणि गावी जाऊन बुवांची वाक्यं भावकीच्या टाळक्यात हाणायची, हा त्याचा परमार्थ.

यंदा तो आईला गोकर्णाचा समुद्र दाखवायला निघाला होता. म्हातारीनं उभ्या जन्मात समुद्र बघितला नव्हता. वाटेत एका देवस्थानाच्या गावी मुक्काम झाला आणि सकाळी तिथंच ठिणगी पडली.

“ही म्हणते, उद्या आईला घेऊन एस्टीनं परत जाते. अर्ध्या वाटेतनं! का, तर मी स्वस्तातला लॉज घेतला.”

“घेतलास का?”

“घेतला. चोरी आहे का? समोर लिफ्टवालं हॉटेल होतं, त्याला दीड हजार जास्त. कशाचे? रात्री डोळे मिटायचे, सकाळी उघडायचे. खोली म्हणजे पाठ टेकायला जागा. तुमचंच वाक्य आहे.”

“माजं?”

“तुमचंच. देहाला काय लागतं, पाठ टेकायला जागा. गिरणीतल्या हमालांना पण ऐकवतो मी.”

सुई थांबली.

“हमालास्नी...” बुवा म्हणाले. आणि पुन्हा टाका घातला.

रघुनाथला बरं वाटलं. हा माणूस स्वतः घोंगड्यावर झोपणारा. हा आपल्याच बाजूचा. आता फक्त बुवांनी गाडीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात तसं म्हणावं, एवढीच त्याची मागणी होती. त्यासाठी तर वाट वाकडी करून आला होता.

“बुवा!” गाडीतून शैलजाचा आवाज आला. “यांना विचारा, आईंना चक्कर आली तेव्हा हे कुठं होते!”

“गाभाऱ्यात होतो! अभिषेक चालला होता. मोठ्या पावतीचा. घरादारासाठीच ना? माझ्या एकट्याच्या तोंडात पडतोय का तो प्रसाद? आणि चक्कर काय, जरा ऊन लागलं.”

“ऊन! दिवस उगवायला! यांच्या देवळात सूर्य लवकर तापतो वाटतं.”

“बघा, बघा. ही भाषा. रस्ताभर हेच ऐकतोय मी.”

बुवांनी वाकळ बाजूला सारली. गुडघ्यावर हात ठेवून उठले, आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. पायऱ्या उतरून सरळ गाडीकडं निघाले.

आता हिची खरडपट्टी निघणार, असं रघुनाथला वाटलं. तो मागोमाग गेला. बघायला.

बुवा शैलजाच्या दारापाशी थांबलेच नाहीत. म्हातारीपुढं जाऊन उभे राहिले.

“आक्का, उतरा. पारावर सावली हाय. पानी घ्या.”

म्हातारी दाराला धरून उतरली. पाय खाली टेकवताना तोंड वाकडं झालं, ते तिनं पदरात झाकलं. पारावर बसली. दोन्ही हातांनी तांब्या घेतला. ओठ उन्हाळ्यातल्या तळ्यासारखे भेगाळलेले.

तांब्या तोंडाला लावला. ओठ ओले केले. खाली ठेवला.

“झालं बाबा. गार हाय पानी.”

“प्या की मग.”

“नगं. तहान न्हाई.”

मग ती सुनेकडं वळली. हळू आवाजात विचारलं. पण आवार रिकामं होतं आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

“शैला... हितं लांब हाय का गं ते?”



शैलजा गाडीतून उतरली. डोळे लाल.

“ऐकलंत बुवा, काय विचारतायत त्या? काल दुपारी लॉजवर आल्यापासून पोटात घोटभर पाणी नाही. लॉजचा संडास दोन जिने खाली, मागच्या बोळात. तो पण उकिडवं बसायचा. आईंचे गुडघे हे असे. म्हणून पाणीच सोडलं त्यांनी. प्यायलंच नाही की जायलाच नको! मला पण सांगितलं नाही. सकाळी दवाखान्यात डॉक्टरनं खोदून विचारलं तेव्हा तोंडातनं निघालं.”

“मग आधी सांगायचं ना!” रघुनाथ ओरडला. “मी काय अंतर्ज्ञानी आहे? सांगितलं असतं तर खाटेखाली भांडं दिलं असतं. आई, तू एका शब्दानं बोललीस का मला? नाही ना? विचारा बुवा, तुम्हीच विचारा. माझ्या आईची कसली तक्रार नाही.”

“तक्रार कसली,” म्हातारी म्हणाली. “लेकरू एवढं फिरवतंय. सोसंल तेवढं सोसायचं.”

“बघा!” रघुनाथ म्हणाला.

बुवांनी त्याच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच. मग वाकून तांब्या उचलला आणि त्याच्यापुढं धरला.

“पी.”

रघुनाथनं प्रसाद म्हणून दोन्ही हात पुढं केले, डोक्याला लावला आणि प्यायला.

बुवा रांजणाकडं गेले. तांब्या बुडवून आणला.

“पी.”

“आत्ताच घेतलं की...”

“पी.”

तोही प्यायला. बुवा तिसरा घेऊन आले.

“बुवा, पोट डुचमळतंय हो. चहा पण झालाय दोनदा, वाटेत...”

“पी म्हनतो न्हवं!”

आंब्यावरचे कावळे उडाले. इतक्या वर्षांत बुवांचा असला आवाज रघुनाथनं ऐकला नव्हता. तो गपगप प्यायला. निम्मं सदऱ्यावर सांडलं.

“चल. ओसरीवर बस.”

बसला. बुवांनी पुन्हा वाकळ मांडीवर ओढली. सुईत दोरा ओवायला लागले. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. घाई नव्हती.

“तुरीला काय भाव चाललाय रं?”

रघुनाथचा जीव भांड्यात पडला. वादळ गेलं म्हणायचं. तुरीचं सांगायला लागला. पलीकडच्या देशातनं माल कसा येतो, सरकार कसं आयत्या वेळी पलटी मारतं, दलाल कसे माजलेत. बुवा हं हं करत होते. मध्येच विचारायचे, मग मुगाचं काय, मग उडदाचं काय. इतकी गोडी त्यांनी डाळीत कधी दाखवली नव्हती.

उन्हं पारावरून सरकली. रघुनाथ मांडी बदलायला लागला. मग उकिडवा बसला. मग पुन्हा मांडी. उडदावर त्याची दोन वाक्यं एकमेकांत अडकली.

“आन हरभरा?”

“हरभरा... बुवा, मी जरा जाऊन येतो.”

“कुटं?”

“असंच... जरा.”

“बस. हरभऱ्याचं ऱ्हायलं.”

रघुनाथ बसला. कपाळावर घाम आला. पारावरून शैलजा सगळं बघत होती. हसली मात्र नाही.

“बुवा, खरंच आता...”

“सोस की. सोसनारी औलाद तुमची.”

“बुवा, पाया पडतो!”

“एक सांग आन जा. आक्कास्नी रातीत कितींदा उठावं लागतं?”

रघुनाथनं तोंड उघडलं.

गोदामात पोती किती, कुठल्या थप्पीला भुंगा लागलाय, कुठला ड्रायव्हर डिझेल मारतो, झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेल असा माणूस. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्यानं आईकडं बघितलं. म्हातारीचे ओठ हलले.

“आक्का, तुमी न्हाई,” बुवा म्हणाले.

“दोनदा... तीनदा असेल.”

“असंल?”

रघुनाथ उभा राहिला. एका पायावरून दुसऱ्या पायावर.

“अहो कुठं आहे ते तरी सांगा!”

“हितनं लांब हाय. वढ्याच्या अंगाला. पायऱ्या उतर.”

रघुनाथ पळाला. बार्शीच्या बाजारात ज्याला लोक वाकून नमस्कार घालायचे तो शेठ पोटाला हात धरून मठामागच्या पायऱ्या उतरला. मागून आईचा आवाज आला.

“रघू, हळू रं! शेवाळ असंल!”

तो बराच वेळ वर आला नाही. काम झालं तरी ओढ्याकाठी दगडावर बसून राहिला. राग उतरत नव्हता. बुवांना काय काय सुनवायचं ते जुळवत होता. चारचौघांत असं कुणी करतं का? एवढं काय झालं होतं? एक लॉज! लोक आईबापाला वाऱ्यावर सोडतात, मी समुद्र दाखवायला निघालोय. हे वाक्य त्याला चांगलं वाटलं. ते पक्कं करून तो पायऱ्या चढायला लागला. पायऱ्या उंच होत्या. निम्म्यात दम लागला, कठडा शोधला, तर कठडा नव्हता...

तिथं तो थोडा थांबला. मग चढला.

वर आला तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. आवार मोकळं. गाडीची दारं बंद. मठाच्या अंगाला यात्रेकरूंसाठी दोन खोल्या होत्या, अंगणाला लागून, पायरीसुद्धा नसलेल्या. एकीत दिवा होता. दार आतून लावलेलं. पलीकडच्या खोलीला कुलूप.

बुवा ओसरीवरच होते. टाका घालत.

“माझा अपमान केलात तुम्ही,” रघुनाथ म्हणाला. “बायकोच्या पुढ्यात.”

सुई वर. सुई खाली.

“या मठाच्या कळसाला पैसे घातलेत मी!”

“काडून न्हे. गाडीच्या टपाला बांद.”

रघुनाथचा श्वास वाजायला लागला. जुळवलेलं वाक्य आता तोंडात येईना.

“मी काय वेगळी चैन केली का? मी पण त्याच लॉजवर झोपलो. त्याच गादीवर. मला ढेकणं चावली नाहीत?”

“चावली असतील.”

“मग? मी सोसलंच की! तुम्ही घोंगड्यावर झोपलात की लोक पायावर डोकं ठेवतात. आणि मी साधं राहिलो की मी चिक्कू!”

बुवांनी वाकळ खाली ठेवली. उठले नाहीत, पण रघुनाथ एक पाऊल मागं सरकला.

“मी माज्या पाठीवर निजतो, रघुनाथ. तू काल कुनाच्या गुडघ्यावर निजलास?”

...

आंब्यात कावळे परतले होते. त्यांचा कालवा झाला आणि थांबला.

“पाणी... प्यायली का ती?” रघुनाथनं विचारलं. आवाज रागाचाच होता, पण खालचा.

“प्याली. शैलानं आत जागा दावली. खुर्चीवानी बसायचा हाय, भिंतीला दांडी हाय. ती बघितली, मंग प्याली. दोन तांबं.”

रघुनाथनं मान खाली घातली. मग लगेच वर केली. ती फार वेळ खाली ठेवायची त्याला सवय नव्हती.

“आणि उद्याचं काय म्हणाली ही?”

“एस्टी कवा सुटती इचारत हुती.”

“तुम्ही सांगितलंत?”

“सांगितलं. फाटंची हाय, दिस उगवायच्या आदी.”

“वा! गुरू म्हणायचं आणि संसार मोडायला...” त्यानं वाक्य अर्ध्यावर टाकलं. “जाऊ दे. जाऊ दे तिला. मला पाठ टेकू द्या, अंग मोडून आलंय. पलीकडची खोली रिकामी आहे ना? तिची किल्ली द्या. भाडं काय असेल ते सांगा, दुप्पट देतो.”

“ती मिळायची न्हाई.”

“का? कुणाची आहे?”

“कुनाची न्हाई. पर मठाचा नेम हाय. एकट्या मानसाला खोली द्यायची न्हाई.”

“एकटा?” रघुनाथ तडकला. “मी एकटा? एका गाडीतनं तिघं आलोय आम्ही! माझी आई आहे आत! माझी बायको आहे!”

बुवांनी उजेडाच्या खोलीकडं बघितलं. आतून दोघींचं काहीतरी बोलणं चाललं होतं. म्हातारी हसल्यासारखी वाटली. ओसरीवरचा आवाज आत गेला असावा, कारण बोलणं एकदम थांबलं...

“आसं व्हय?” बुवा म्हणाले. “मंग वाजीव जा दार.”