गालाखालची गाठ

एक शिंपी होता एकदा. गावाबाहेरच्या एका जुन्या मिशन दवाखान्यात खाटांच्या चादरी, रुग्णांचे सदरे आणि उशांचे अभ्रे शिवण्यात त्याचे सारे आयुष्य गेले होते. दवाखान्यातली रीतच अशी, की सगळे त्याला मामा म्हणत. मामांना एक खोड होती. अभ्रा शिवून झाला, की ते तो टेबलावर अंथरत, त्यावर आधी उजवा गाल टेकत, मग डावा, आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच पडून राहत. बाहेर दोरीवरच्या चादरी दुपारच्या पिवळ्या उन्हात संथ हलत असत, आणि म्हातारा कुठल्या मुलखात हिंडून येई, कोण जाणे! वॉर्डातल्या मावश्या दारातून डोकावत, तोंडाला पदर लावून हसत. म्हणत, "लागला मामांचा डोळा!"

त्यांच्या हाताखाली काम शिकायला सुवार्ता नावाची एक तरुण मुलगी आली होती. तिला मात्र हसू येत नसे, राग येई. कामाच्या वेळेला झोपायचं, हे ख्रिस्ती माणसाला शोभतं का? मुलगी मोठी भाविक, आणि खरं सांगायचं तर जराशी तापटच. शिवाय एक काळजी तिला आतून पोखरत होती. दर रविवारी चर्चमधल्या तरुण संघाच्या बैठकीत पाळकसाहेब प्रत्येकाला विचारत, "या आठवड्यात प्रभूसाठी काय केलंत?" कुणी उपासना चालवलेली असे, कुणी गीत रचलेले असे. सुवार्ताची पाळी आली, की ती मान खाली घाली. चिंध्यांतून आणि दोऱ्यांतून प्रभूची साक्ष ती काय देणार? तिला फार लाज वाटे.

नाताळ जवळ आला, तसे तिने मनाशी ठरवले. तीस नव्या अभ्र्यांच्या अगदी मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल असा, लाल रेशमाचा एकेक क्रूस तिने भरला. पंधरा दिवस खपली पोरगी. शनिवारी दुपारी तिने तो गठ्ठा मामांपुढे ठेवला. उद्या पाळकसाहेबांना द्यायला तिच्यापाशी उत्तर होते.

मामांनी टाका न्याहाळला. "हात छान बसलाय तुझा," म्हणाले. मग सवयीप्रमाणे गाल टेकला. उजवा, डावा. डोळे उघडले, छोटी कात्री उचलली आणि सरळ क्रूस उसवायला लागले!

"मामा! अहो, क्रूस आहे तो!"

"दिसतंय की मला."

दुसरा उसवला. तिसऱ्याला हात घातला, तेव्हा मात्र सुवार्ताचा तोल गेला. "तुम्हांला प्रभूची लाज वाटते का?" ती ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिला रडू फुटले.

मामांनी कात्री खाली ठेवली. चौथा अभ्रा तिच्यापुढे अंथरला. "ये. गाल टेक, डोळे मीट. मी उठ म्हणेपर्यंत उठायचं नाही."

ती रागारागानेच वाकली. कापडाला उन्हाचा वास होता. चादरी फडफडत होत्या, जवळच कुठेतरी होला घुमत होता. हळूहळू रडे थांबले, अंग सैल झाले, आपण कुठे आहोत याचाही तिला विसर पडू लागला. मग गालाला काहीतरी लागले. अगदी बारीक. तिने दुर्लक्ष केले, पण ते टोचतच राहिले. होल्याचा आवाज गेला, चादरी गेल्या, आणि साऱ्या जगात ती एवढीशी रेशमाची गाठ तेवढी उरली.

"मामा, उठू का आता? किती वेळ झाला?"

"दहा मिनिटं. पाच नंबरच्या खाटेवरची बाई भाजलीय. तिला एकाच कुशीवर निजता येतं. महिना झाला."

सुवार्ता उठून बसली. तिच्या गालावर गाठीचा ठसा उमटला होता.

"लाज कसली गं, पोरी?" मामा म्हणाले. "मला प्रवचन जमत नाही. आजाऱ्यांत प्रभू असतो, असं लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा ज्या उशीवर तो निजणार, तिच्यावर आधी मी निजून बघतो. त्यानं क्रूस स्वतःच्या खांद्यावर घेतला. दुसऱ्याच्या गालाखाली नाही ठेवला."

मग त्यांनी दुसरी कात्री तिच्याकडे सरकवली. उन्हे उतरेपर्यंत दोघे उसवत बसले. अभ्रा मोकळा झाला, की सुवार्ता त्यावर गाल टेकी आणि राहिलेले एखादे सूत चिमटीने काढी. दारातून मावशीचा आवाज आला, "अगं बाई, आता हिचाही डोळा लागला!" सुवार्ताने डोळे उघडले नाहीत.

संध्याकाळी तिने पाच नंबरच्या खाटेवरचा अभ्रा आपल्या हाताने बदलला. बाईने गाल टेकला, आणि बोलता बोलताच ती झोपी गेली. अभ्रा कुणी शिवला, हे काही तिने विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत पाळी आली. "सुवार्ता, या आठवड्यात प्रभूसाठी काय केलंस?"

या वेळी तिने मान खाली घातली नाही.

"तीस अभ्रे उसवले," ती म्हणाली.