भिंगूचा खोपा

विहिरीवर एक बाभूळ ओणवी झाली होती, त्या काळची ही गोष्ट. त्या बाभळीवर भिंगू नावाचा सुगरण पक्षी खोपा विणत होता. तो गवताची काडी आणायला जाई, वाटेत चतुर किडा दिसला की त्याच्यामागे धावे आणि परतल्यावर भलत्याच फांदीवर नवा खोपा सुरू करी. झाडावर सगळे अर्धवट खोपेच लोंबत होते.

"अहो, अंडी घालायची वेळ झाली," त्याची बायको शेवंता काकुळतीने म्हणाली.

"मन लावून काम कर की!" शेजारी ओरडले.

भिंगू रडवेला झाला. "लावतो हो, पण ते टिकतच नाही!"

हे ऐकून वरच्या फांदीवरचा, अंगाने भिंगूहून कितीतरी मोठा होला पक्षी खाली आला. "मला विणता येत नाही," तो म्हणाला, "पण तुझ्या सोबतीला बसतो."

भिंगू विणू लागला. त्याचं लक्ष उडालं की होला हळूच विचारी, "आता ही काडी कुठे?" मग भिंगू हसून पुन्हा कामाला लागे. दिवस मावळायच्या आत खोपा पुरा झाला.

शेवंता आत शिरली आणि आनंदाने म्हणाली, "भाऊजी, तुम्हीही या ना आत!"

"वहिनी, माझं डोकंच तेवढं मावेल!" होला म्हणाला, आणि तिघंही पोट धरून हसले.