झिलूने जिल्ह्याला पाठवलेला नमुना

एका खाडीकाठच्या गावात एक भोळा शिपाई राहायचा. नाव झिलू. आरोग्य केंद्रात हंगामी नोकरी आणि घरी नवी बायको, शेवंती. शुक्रवारी जिल्ह्याचे साहेब येणार होते. कुणी दुष्टाने मुद्दाम रोगाची पूड पाठवली तर काय करायचं, याची ते तालीम घेणार होते. तालीम नीट झाली, तर झिलूला कायम करायच्या कागदावर सही.

डॉक्टरीणबाईंनी आधीच शिकवलं, "अनोळखी पूड दिसली की हात लावायचा नाही. ओलं फडकं टाकायचं, माणसं बाहेर काढायची, दार लावायचं."

झिलू घरी आला. परातीत पिवळी पूड. कधी ओळख झाली नव्हती. त्याने ओलं फडकं टाकलं, जेवायला आलेल्या सासऱ्यांना अंगणात काढलं आणि कडी घातली.

शेवंती म्हणाली, "अहो, बेसन होतं ते! आधी विचारावं, कुणाचं आहे. ज्याचं त्याला द्यावं."

झिलूला पटलं. दुसऱ्या दिवशी केंद्रात तपासणीसाठी आलेल्या थुंकीच्या बावीस डब्या होत्या. झिलूने नावं वाचली आणि घरोघरी जाऊन ज्याची त्याला दिली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, संशयित काहीही आलं तर परत द्यायचं नाही! बंद करायचं, बर्फात ठेवायचं, वर नाव लिहायचं आणि जिल्ह्याला पाठवायचं. वाटेत हलता कामा नये."

"एवढंच ना?" झिलू म्हणाला.

शुक्रवारी साहेब आले. बाई वरच्या मजल्यावर औषधं मोजत होत्या. साहेब दारातच आडवे झाले. "मी संशयित रुग्ण. पूड हुंगून बेशुद्ध पडलोय. आता डोळे उघडणार नाही."

"बरं साहेब," झिलू म्हणाला.

थोड्या वेळाने बाई खाली आल्या. "साहेब कुठायत?"

"जिल्ह्याला गेले. माशांच्या टेम्पोतून."

"माशांच्या?"

"बर्फ तिथेच होता. मोठ्या खोक्यात घातले, वर नाव लिहिलं. बर्फ पडल्यावर डोळे उघडून फार हलायला लागले, म्हणून सुतळीने आवळले."

बाई ओरडल्या, "मेल्या, आता तुझ्या कागदावर सही कोण करणार?"

झिलू हसला. "मी काय वेडा आहे? कागद ड्रायव्हरकडे दिलाय. आणि खोक्याला भोक पाडलंय, सहीचा हात बाहेर काढायला."