अक्षतांचा गुण

वेळणगावच्या इनामदारांना एक विद्या अवगत होती. आडनाव ऐकलं की ते माणसाचा स्वभाव सांगत. ही विद्या आजोबांकडून आलेली, त्यामुळे ती पडताळून पाहायचं कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

उत्सव तोंडावर आला आणि देवळाची कोठी सांभाळायला माणूस हवं झालं. नवरा गेल्यापासून घर एकटीनं ओढणाऱ्या द्वारकाबाई काम मागायला वाड्यावर गेल्या.

"आडनाव काय?" इनामदारांनी लोडाला टेकूनच विचारलं.

"सांगते, सरकार. पण आपली कीर्ती ऐकून आलेय. खडपकर कसे असतात?"

"उधळे. त्यांच्या घरात मीठसुद्धा टिकायचं नाही."

"आणि लोणपुरे?"

"महाचिक्कू. त्यांच्या हाती कोठी दिली तर देवसुद्धा उपाशी राहील."

सदरेवरच्या मंडळींनी माना डोलवल्या.

द्वारकाबाईंनी पदर सावरला. "मग माझी पंचाईत आहे. मी माहेरची खडपकर, सासरची लोणपुरे. म्हणजे मांडवात उधळी म्हणून उभी राहिले आणि डोक्यावर अक्षता पडताच चिक्कू झाले म्हणायची. अक्षतांना एवढा गुण असतो, हे मला ठाऊक नव्हतं. कोठीत उरल्या असतील तर चार दाणे आपणही डोक्यावर टाकून घ्या, सरकार."

डोलणाऱ्या माना थांबल्या. इनामदारांचा हात नकळत पगडीकडे गेला आणि तिथून कमरेला खोचलेल्या कोठीच्या किल्लीकडे.

"बाई," ते म्हणाले, "शंभर पानांना तांदूळ किती लागतील?"

"आता विचारलंत कामाचं," द्वारकाबाई म्हणाल्या.