एकादशीची आंबील

"...मग पायाचा अंगठा कापूनच घ्यायचा का, बुवा?"

रंगनाथ जगदाळ्यानं फडक्यात गुंडाळलेला पाय पुढं केला.

धोंडीबुवांनी पायाकडं पाहिलंसुद्धा नाही. माळावरच्या मठात ते चुलीपुढं बसले होते. धनगरांसाठी ठेवलेल्या आंबिलीत पळी फिरवत होते.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"म्हणतो, साखर उतरली तर जखम भरंल. पंधरा दिवस बघू, नाहीतर कापू. गोळ्या चुकवू नका, साबुदाणा-बटाटा बंद करा, अन् सकाळी आंबील प्या. ताकात रात्रभर आंबवलेलं ज्वारीचं पीठ, शिजवून."

"पितोस?"

"पितो की. सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून. अन् आज एकादशी."

"ते का रं?"

"ज्वारी धान्य हाय ना, बुवा! उपासाला कशी चालंल?" रंगनाथाची मान ताठ झाली. "एकवीस वर्षं झाली. एक वार मोडला नाही. गावात विचारा."

गावात विचारायची गरज नव्हती. हा गडीच सांगत हिंडायचा, कुणी विचारो न विचारो.

"आज काय घेतलंस?"

"फराळ. साबुदाण्याची खिचडी, दोन रताळी, बटाट्याचा कीस. वर चार खजूर..."

"अन् उपास किती वाजता केलास?"

दारात टेकलेला म्हातारा धनगर फिसकन हसला.

"तू मेंढरं बघ की रं!" रंगनाथ त्याच्यावर खेकसला. मग बुवांकडं वळला. "थट्टा नका करू, बुवा. तुम्ही चाळीस वर्षं निर्जळी एकादशी धरता. अख्ख्या मुलखाला ठावं हाय. तुम्हीच सांगा, व्रत मोडू? पाय जाईल तर जाऊ दे..."

जाऊ दे म्हणाला खरा, पण आवाज चिरकला. तीन एकर रान, अन् राबणारा तो एकटा. लंगड्याला रान कोण करून देतो?

बुवांनी आंबील चुलीवरून उतरवली.

चुलीतलं लाकूड तडतडलं.

बुवांनी वाडगा घेतला, आंबिलीनं काठोकाठ भरला अन् रंगनाथापुढं सरकवला.

विंचू दिसावा तसा रंगनाथानं हात मागं घेतला. "आज? नाही बुवा... तेवढं सांगू नका."

बुवांनी सांगितलं नाही. वाडगा उचलला, स्वतःच्या तोंडाला लावला, अन् घोट घोट करत तळापर्यंत रिकामा केला. मिशीला लागलेलं पीठ मनगटानं पुसलं.

धनगराचं हसणं कधीच थांबलं होतं. तो उठून उभा राहिला होता.

रंगनाथानं कपाळाला हात लावला. "बुवा... हे काय केलंत... चाळीस वर्षं..."

बुवांनी तोच वाडगा परत भरला. परत त्याच्यापुढं ठेवला.

"माझा उपास तर मोडला, रंगनाथा. तू खरा कधी धरतोस?"