भुंगेरी आणि बोनेटवरची स्टेपनी

डोंगरावर एक वाडी. वाडीत एक वाट. वाट दगडांची, वाट धुळीची.

वाटेवरून चालली होती एक भुंगेरी. नाव तिचं टिकली. शेंगदाण्याएवढी. काळी काळी, चकचकीत.

टिकली ढकलत होती एक गोळा. शेणाचा गोळा! गोल गोल, लाडवासारखा. डोकं खाली, पाय वर. टिकली चालायची उलटी उलटी.

गुडगुड गुडगुड... गुडगुड गुडगुड...

टिकलीचं बीळ वाटेच्या पलीकडे. गोळा बिळात न्यायचा. गोळ्यात अंडं घालायचं. अंड्यातून बाळ येणार. बाळ गोळा खाणार. खाऊन खाऊन मोठं होणार.

इतक्यात आली जीप. घुर्रर्र! धडाड धडाड!

टिकली टुणकन बाजूला झाली. ती वाचली. पण गोळा?

पच्च!

गोळ्याची झाली पोळी.

टिकली रडली. थोडीशीच रडली. मग तिचे सहा पाय वळवळायला लागले.

"जीप परत येणार. याच वाटेने येणार. मी दुसरा गोळा करीन. त्याचीही पोळी होईल! छे छे! बसून चालायचं नाही."

लुटूलुटू लुटूलुटू. टिकली निघाली जीपच्या मागे.

जीप थांबली अंगणवाडीपाशी. जीपमधून उतरल्या सिस्टर. हातात औषधांची पेटी. आत पाच बाळं बसली होती आयांच्या मांडीवर. सिस्टर पाचही बाळांना सुई टोचणार. मग लगेच जीप निघणार.

जीप चालवत होते लहानूकाका. टिकली चढली काकांच्या चपलेवर.

"काका काका, बघा काय केलंत! माझ्या गोळ्याची झाली पोळी!"

काका खाली वाकले. "अगं बाळा! मला दिसलीच नाहीस तू. दिसणार कशी? बोनेटवर स्टेपनी आहे ना!"

टिकलीने वर पाहिलं. जीपच्या नाकावर होता एक टायर. एक चाक पंक्चर झालं, की लावायचा तो जादाचा टायर. त्याला म्हणायचं स्टेपनी. केवढी मोठ्ठी! स्टेपनीआड वाट लपली. वाटेवरची टिकलीही लपली.

"काका काका, स्टेपनी काढा!"

"काढीन गं. पण लावू कुठे? टपावर लावली, तर जीप वळणावर डुलते. पोटाखाली लावली, तर दगडांना घासते. आत ठेवली, तर सिस्टर बसतील कुठे? मागच्या दाराला लावता येईल. दार स्टेपनी घेईल, तेव्हा मी काढीन."

ट्यॅहॅ! आत एक बाळ रडलं. एकाला सुई झाली. राहिली चार.

लुटूलुटू लुटूलुटू. टिकली गेली जीपच्या मागे.

"दारा दारा, स्टेपनी घे!
काका स्टेपनी काढीनात,
माझ्या गोळ्याची झाली पोळी,
आता मी काय करू?"

दार म्हणालं, "करकर करकर! स्टेपनी लोखंडासारखी जड. मी आपलं पातळ पत्र्याचं. घेईन आणि मोडून पडेन. मला आधी लोखंडी पट्टी हवी. चाचा पट्टी जोडतील, तेव्हा मी घेईन."

ट्यॅहॅ! दुसरं बाळ रडलं. राहिली तीन.

लुटूलुटू लुटूलुटू. टिकली गेली समोरच्या दुकानात. तिथे बसले होते इस्माईलचाचा. चाचा वेल्डिंग करायचे. लोखंडाला लोखंड जोडायचे.

"चाचा चाचा, पट्टी जोडा!
दार स्टेपनी घेईना,
काका स्टेपनी काढीनात,
माझ्या गोळ्याची झाली पोळी,
आता मी काय करू?"

चाचा म्हणाले, "बेटा, सकाळपासून चहा नाही. हात बघ माझा. थरथर थरथर! असा हात, तर जोड वाकडा. मावशी चहा करील, तेव्हा मी जोडीन."

टिकलीने ऐकलं. अंगणवाडीत सगळं चूप. किती बाळं झाली? किती राहिली? कुणाला ठाऊक!

लुटूलुटू लुटूलुटू, लुटूलुटू लुटूलुटू. टिकली गेली टपरीवर. टपरी झुंबरमावशीची.

"मावशी मावशी, चहा कर!
चाचा पट्टी जोडीनात,
दार स्टेपनी घेईना,
काका स्टेपनी काढीनात,
माझ्या गोळ्याची झाली पोळी,
आता मी काय करू?"

मावशी म्हणाली, "बाई गं, पाणी केव्हाचं उकळतंय. बुडबुड बुडबुड! साखर घातली. आलं घातलं. दूधच नाही! चांदी दूध देईल, तेव्हा मी करीन."

ट्यॅहॅ! ट्यॅहॅ!

हे काय? दोन आवाज? ती होती जुळी बाळं. एकदम रडली. आता राहिलं एक!

"एकच राहिलं! एकच राहिलं!" टिकलीचे पाय भराभरा.

लुटूलुटू लुटूलुटू. टिकली गेली गोठ्यात. गोठ्यात होती चांदी गाय. पण चांदी स्वस्थ उभी नव्हती. शेपटी इकडे सप. शेपटी तिकडे सप. पाय आपट, मान झटक.

"चांदी चांदी, दूध दे!
मावशी चहा करीना,
चाचा पट्टी जोडीनात,
दार स्टेपनी घेईना,
काका स्टेपनी काढीनात,
माझ्या गोळ्याची झाली पोळी,
आता मी काय करू?"

चांदी म्हणाली, "हम्मा! कशी देऊ दूध? माश्या चावतात. पाठीवर चावतात, पोटावर चावतात. माश्या उडतील, तेव्हा मी देईन."

लुटू... अगं, लांब जायलाच नको! माश्या तिथेच होत्या. घूं घूं घूं घूं.

"माश्यांनो माश्यांनो, उडून जा!
चांदी दूध देईना,
मावशी चहा करीना,
चाचा पट्टी जोडीनात,
दार स्टेपनी घेईना,
काका स्टेपनी काढीनात,
माझ्या गोळ्याची झाली पोळी,
आता मी काय करू?"

माश्या म्हणाल्या, "घूं घूं! आम्ही नाही जाणार! इथे शेण आहे. ऊन ऊन, ताजं ताजं. शेण जाईल, तेव्हा आम्ही जाऊ."

टिकली वळली शेणाकडे. तोंड उघडलं. "शेणा शेणा..."

आणि थबकली. सहाही पाय थांबले.

"शेण? अगं बाई! शेण तर मलाच हवंय!"

टिकली घुसली शेणात. कुरतड कुरतड. थाप थाप. फिरव फिरव. झाला एक गोळा!

गोठ्यामागे राहायच्या तिच्या बहिणी. त्यांना वास लागला. भुर्रर्र! आली एक भुंगेरी. भुर्रर्र! आल्या चार. भुर्रर्र भुर्रर्र! आता मोजत कोण बसतंय? कुरतड कुरतड, थाप थाप. ही गोळा घेऊन इकडे गेली. ती गोळा घेऊन तिकडे गेली.

शेण संपलं. जागा साफ.

ट्यॅहॅ! अंगणवाडीत शेवटचं बाळ रडलं.

सिस्टर बाहेर आल्या. "लहानूभाऊ, चला, चला! खालच्या वाडीत बाळं थांबलीत."

काका जीपमध्ये बसले. घुर्रर्र!

"अजून नाही! अजून नाही!" टिकली ओरडली. पण शेंगदाण्याएवढ्या टिकलीचा आवाज केवढा? तिळाएवढा.

पण गोठ्यात काय चाललं होतं?

शेण गेलं, माश्या उडाल्या. घूं... गेल्या लांब.

माश्या उडाल्या, चांदी शांत झाली. मावशी चरवी घेऊन धावली. चांदीने दूध दिलं. चुर्र चुर्र, चुर्र चुर्र.

चांदीने दूध दिलं, मावशीने चहा केला. फस्स! चहा वर आला.

मावशीने चहा केला, चाचा चहा प्यायले. फुर्रर्र! आणखी एक फुर्रर्र! हात बघा. थरथर नाही, काही नाही.

चाचा उठले. पट्टी घेतली. धावत गेले जीपच्या पुढे.

"लहानू, थांब! आधी दाराला पट्टी जोडू."

सिस्टर म्हणाल्या, "आत्ता? अहो चाचा, मला उशीर होतोय!"

चाचा म्हणाले, "सिस्टर, आज शेंगदाण्याएवढी भुंगेरी दिसली नाही. उद्या रांगतं बाळ दिसलं नाही तर?"

सिस्टरांनी पेटी खाली ठेवली.

काकांनी जीप बंद केली. "जोडा चाचा. आत्ताच जोडा."

मावशीने सिस्टरांच्या हातात कप दिला. "तोवर घोटभर घ्या हो. बाळं रडवलीत, थकला असाल."

चाचांनी डोळ्यांवर काळा चष्मा लावला. "बघू नका रे कुणी! डोळे मिटा!"

सगळ्यांनी डोळे मिटले. चर्रर्र! चर्रर्र! चर्रर्र!

चाचांनी पट्टी जोडली, दार घट्ट झालं. दार म्हणालं, "आण ती स्टेपनी!"

दार तयार झालं, काकांनी बोनेटवरची स्टेपनी काढली. घरंगळ घरंगळ मागे नेली. उचलली, हुप्प! दाराला लावली. पान्याने नट पिळले. कट कट कट! हलवून बघितली. हलते का? नाही हलत. दार करकर वाजतं का? नाही वाजत.

सिस्टर चढल्या. काका चढले. घुर्रर्र! निघाली जीप.

आणि टिकली? टिकली कुठे होती?

टिकली वाटेवर होती! नवा गोळा घेऊन निघाली होती. डोकं खाली, पाय वर.

गुडगुड गुडगुड... गुडगुड गुडगुड...

मागून आली जीप. घुर्रर्र! धडाड धडाड!

काकांनी समोर पाहिलं. वाट दिसली. वाटेतला खड्डा दिसला. खड्ड्याजवळचा दगड दिसला. आणि दगडाजवळ...

करकच्च! काकांनी ब्रेक दाबला.

सिस्टर पुढे आदळल्या. "काय झालं लहानूभाऊ? वाट तर मोकळी आहे."

"मोकळी नाही हो. ती बघा, चालली आहे."

सिस्टरांनी खिडकीतून मान काढली. "अगं बाई! एवढीशी?"

टिकली ढकलत होती. पुढे आला एक खडा. गोळा वर चढला. गोळा मागे घसरला. गुडगुडगुड, पार खाली.

सिस्टरांनी घड्याळ पाहिलं. मग परत टिकलीकडे पाहिलं.

टिकलीने पुन्हा ढकललं. गोळा वर चढला. पुन्हा घसरला.

"खडा बाजूला करू का?" काकांनी विचारलं.

"नको," सिस्टर म्हणाल्या. "घाबरेल ती. इंजिन बंद करा."

काकांनी इंजिन बंद केलं. सगळं शांत.

टिकलीने मागचे पाय रोवले. जोर लावला. आणखी जोर लावला. आणखी जोर लावला.

हुंऽऽऽ... टुप! गोळा खड्याच्या पलीकडे!

गुडगुड गुडगुड. वाट संपली. गुडगुड गुडगुड. बीळ आलं.

डुब्! गोळा बिळात.

लुटूलुटू लुटूलुटू. टिकली बिळात.

"चला आता," सिस्टर म्हणाल्या. घुर्रर्र! जीप गेली खालच्या वाडीला.

आणि बिळात, अंधाऱ्या गार मातीत, टिकलीने गोळ्यात घातलं एक इवलंसं अंडं.